‘१५ ते २८ फेब्रुवारी’ : अमेरिकी युद्धकालीन भित्तिपत्रकांतील कामगार स्त्रीची प्रतिमा

प्रस्तावना

पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर गडद निळा सदरा घातलेली एक तरुणी. डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, उजवा हात कोपरात वाकवून मूठ आवळलेली, डावा हात त्याच हाताची बाही वर सारतो आहे. नजर थेट पाहणाऱ्याकडे. वरच्या बाजूला निळ्या संवादचौकटीत चारच शब्दांचे इंग्रजी वाक्य, ज्याचा आशय ‘आपण हे करू शकतो!’ असा आहे. जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराचे हे भित्तिपत्रक आज जगभर स्त्रीसामर्थ्याचे बोधचिन्ह म्हणून ओळखले जाते. महिला दिनाच्या निमंत्रणपत्रिकांवर, चर्चासत्रांच्या फलकांवर, कपांवर आणि सदऱ्यांवर ते इतक्या वेळा छापले जाते की त्याला काही इतिहास आहे याचाच विसर पडावा.

या चित्राविषयी तीन समजुती सर्वत्र आढळतात. हे अमेरिकी शासनाने काढलेले भित्तिपत्रक होते, ही पहिली. त्याने लाखो गृहिणींना घराबाहेर काढून कारखान्यात आणले, ही दुसरी. आणि चित्रातील स्त्रीचे नाव ‘रोझी द रिव्हेटर’, ही तिसरी. १९४३ च्या संदर्भात यांपैकी एकही समजूत टिकत नाही. चित्राच्या मूळ प्रतीवर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक सूचना आहे : हे पत्रक १५ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी या काळात लावावे. आजच्या पुनर्मुद्रणांत ही ओळ बहुधा कापलेली असते.

प्रस्तुत लेखाचे विवेचन या कापलेल्या ओळीभोवती फिरते. युद्धकालीन प्रचाराने स्त्रीला यंत्राजवळ उभे केले हे खरे. परंतु ते उभे करणे मुदतीचे होते, आणि ती मुदत युद्ध संपल्यावर कोणी बाहेरून लादलेली नव्हती. ती प्रतिमेच्या रचनेतच होती, हे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी १९४२ ते १९४५ या काळातील काही अमेरिकी भित्तिपत्रके विचारात घेतली आहेत. तुलनेसाठी ब्रिटनमधील दोन चित्रे घेतली आहेत आणि त्याच युद्धासाठी भारतीय स्त्रियांना ज्या पद्धतीने कामावर आणले गेले, त्या पद्धतीचाही विचार केला आहे.

मन वळविण्याची गरज

डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिकेत एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. लक्षावधी पुरुष सैन्यात गेले आणि विमाने, जहाजे, दारूगोळा यांच्या उत्पादनाची मागणी अनेक पटींनी वाढली. एप्रिल १९४२ मध्ये ‘वॉर मॅनपॉवर कमिशन’ आणि जूनमध्ये ‘ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन’ या दोन यंत्रणा स्थापन झाल्या. पहिलीचे काम मनुष्यबळाचे नियोजन करणे आणि दुसरीचे काम जनमत घडविणे. स्त्रियांना कामावर आणण्याच्या मोहिमा या दोघींच्या सहकार्यातून आणि जाहिरात व्यवसायाच्या स्वेच्छा मदतीने चालविल्या गेल्या.

येथे ब्रिटनशी असलेला फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. ब्रिटनने डिसेंबर १९४१ मध्ये कायदा करून वीस ते तीस या वयोगटातील अविवाहित स्त्रियांवर राष्ट्रसेवेची सक्ती केली. अमेरिकेने स्त्रियांवर अशी सक्ती कधीही केली नाही. जेथे सक्ती नसते तेथे मन वळवावे लागते. आणि मन वळवावयाचे तर समोरच्याच्या मनात आधीपासून काय आहे याचा अंदाज घेऊनच बोलावे लागते. म्हणून अमेरिकी भित्तिपत्रके हा त्या समाजाच्या स्त्रीविषयक धारणांचा अत्यंत विश्वसनीय दस्तऐवज ठरतो. नवे काही सांगण्याचा आव ती आणतात; प्रत्यक्षात जे ऐकावयास सोपे जाईल तेवढेच सांगतात.

हे सोपे करून सांगणे कोणत्या थराला गेले होते, हे ‘ग्लॅमर गर्ल्स ऑफ १९४३’ या वृत्तपटावरून समजते. कापड बेतण्याऐवजी ही स्त्री विमानाच्या भागांचा आराखडा बेतते, केक भाजण्याऐवजी ती यंत्राची दातेरी चाके भाजते, अशा आशयाचे त्याचे निवेदन आहे. उपमा चतुर आहे. तिच्यामुळे भीती जाते, पण कौशल्यही जाते. लेथवर काम करणे हे स्वयंपाकाचेच दुसरे रूप असेल, तर त्यासाठी शिकाऊ उमेदवारी, वेतनश्रेणी, बढती यांची चर्चा करण्याचे कारण उरत नाही. शिवाय स्वयंपाकघरातून आलेल्या व्यक्तीने स्वयंपाकघरात परत जाणे हेही मग ओघानेच आले.

‘त्याची’ जागा

या काळातील भित्तिपत्रकांवरील वाक्ये एकापाठोपाठ एक वाचली असता एक सर्वनाम सतत पुढे येते, ते म्हणजे ‘तो’. आर. जी. हॅरिस यांच्या १९४३ मधील भित्तिपत्रकाचे आवाहन आहे की ‘त्याने’ मागे ठेवलेले काम तुम्ही करा; आणि हे ‘तो’ मूळ इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापले आहे. ॲडॉल्फ ट्रेडलर यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील स्त्रियांसाठी केलेल्या भित्तिपत्रकावर शब्दखेळ आहे : त्याने मागे ठेवलेली मुलगी आजही त्याच्या पाठीशी आहे. मराठीत ‘मागे’ आणि ‘पाठीशी’ असे दोन शब्द लागतात. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे. अर्थात जागा बदलते असे वाटते, पण शब्द तोच राहतो. लॉरेन्स विल्बर यांच्या १९४४ मधील चित्रातील तरुणी पत्रांचा गठ्ठा छातीशी धरून उभी आहे आणि नुसत्या झुरण्याने तो लवकर परत येणार नाही, तेव्हा युद्धकामावर रुजू हो, असे तिला बजावले आहे.

जॉन न्यूटन हॉविट यांचे १९४४ मधील भित्तिपत्रक या सर्वांत अधिक बोलके आहे. पुढे कामाच्या वेषातील, डोक्याला रुमाल बांधलेली पत्नी. तिच्या मागे तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभा असलेला पती. आणि दोघांच्या पाठीमागे राष्ट्रध्वज. वाक्य तिच्या तोंडी आहे. मला अभिमान वाटतो, माझ्या पतीची इच्छा आहे की मी माझा वाटा उचलावा, असे ती सांगते. अभिमान तिचा, इच्छा मात्र त्याची. पतीच्या परवानगीचे हे चित्रण उगाच आलेले नाही. विवाहित स्त्रीने अर्थार्जन करणे म्हणजे पतीच्या कर्तृत्वावर ठपका, अशी समजूत १९३० च्या मंदीच्या दशकात पक्की झाली होती. अनेक संस्था विवाहित स्त्रियांना नोकरीच देत नसत. अशा समाजातील पुरुषाला आश्वस्त केल्याशिवाय त्याच्या पत्नीला बोलावणे शक्य नव्हते. म्हणून हे पत्रक दिसावयास तिच्यासाठी आणि वस्तुतः त्याच्यासाठी आहे.

आवाहनाचा कर्ता जोपर्यंत ‘तो’ आहे तोपर्यंत कामावरील हक्कही त्याचाच राहतो. त्याची जागा तो परत येईपर्यंत सांभाळावयाची, एवढेच या पत्रकांचे वचन आहे. मजुरी, कौशल्य, स्वतःच्या हातात आलेला पैसा, कामातील समाधान, मैत्रिणी, संघटना या गोष्टी ज्यांच्यामुळे त्या काळातील असंख्य स्त्रिया प्रत्यक्षात कामावर आल्या, त्यांना वरील चार पत्रकांत स्थान नाही. मॉरीन हनी यांनी ‘क्रिएटिंग रोझी द रिव्हेटर’ (१९८४) या ग्रंथात मध्यमवर्गीय आणि श्रमिकवर्गीय वाचकांच्या दोन नियतकालिकांतील युद्धकालीन कथांची तुलना करून हा प्रचार वर्गानुसार कसा बदलत होता हे दाखविले आहे. त्याआधी लैला रूप यांनी अमेरिका आणि नाझी जर्मनी या परस्परविरोधी राष्ट्रांतील स्त्रीविषयक प्रचाराची तुलना केली (१९७८). प्रतिमा बदलली तरी तिच्याखालची धारणा अबाधित राहिली, ही दिशा या अभ्यासांनी दिली. पुढील बरेच संशोधन त्याच वाटेने गेलेले दिसते.

छायाचित्रांच्या बाबतीत किंचित वेगळे चित्र दिसते. आल्फ्रेड पामर यांनी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील डग्लस विमान कारखान्यात बी-१७ विमानाच्या काचेच्या नाकाडात बसून काम करणाऱ्या स्त्रीचे रंगीत छायाचित्र घेतले. ‘जितक्या अधिक स्त्रिया कामावर, तितका विजय लवकर’ अशा आशयाच्या भित्तिपत्रकावर १९४३ मध्ये ते वापरले गेले. छायाचित्रातील स्त्रीचे लक्ष हातातील कामावर आहे. पाहणाऱ्याशी तिला देणेघेणे नाही. प्रकाशयोजना चित्रपटातील नायिकेला शोभेल अशी आहे हे मान्य करूनही, येथे काम हे काम म्हणून दिसते.

रॉकवेल आणि मिलर

‘रोझी’ हे नाव प्रथम एका लोकप्रिय गीतामुळे पसरले. रेड इव्हान्स आणि जॉन जेकब लोब यांचे ते गीत १९४३ च्या प्रारंभी देशभर वाजत होते. त्या नावाला चेहरा दिला तो नॉर्मन रॉकवेल यांनी, ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’च्या २९ मे १९४३ च्या मुखपृष्ठावर. युद्धकाळातील अमेरिकी वाचकाला ‘रोझी’ म्हटल्यावर आठवत असेल ती ही स्त्री. मिलर यांची नव्हे.

रॉकवेल यांची रोझी जेवणाच्या सुटीत बसली आहे. मांडीवर जड रिव्हेट यंत्र, हातात सँडविच, डब्यावर तिचे नाव, पायाखाली हिटलरचे ‘माइन काम्फ’, मागे ध्वज. दंड एखाद्या मल्लाचे. बसण्याची ढब मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगविलेल्या प्रेषित यशयाची आहे आणि डोक्याभोवती बारीक प्रभावलयही आहे. चित्रासाठी बसलेली मेरी डॉइल ही व्हर्मांट राज्यातील आर्लिंग्टन गावची एकोणीस वर्षांची, सडपातळ दूरध्वनीचालिका होती. तिला इतके धिप्पाड रंगविल्याबद्दल रॉकवेल यांनी पुढे, १९६७ मध्ये, पत्र लिहून तिची क्षमा मागितली. या क्षमापत्रात जेवढी सभ्यता आहे तेवढीच एक कबुलीही आहे : सामर्थ्यवान स्त्रीदेह हा त्या स्त्रीचा अपमान ठरू शकतो, असे चित्रकारालाच वाटत होते.

तथापि, चित्र म्हणून रॉकवेल यांची कृती मिलर यांच्या कृतीहून कितीतरी समृद्ध आहे, हे नोंदविले पाहिजे. ही स्त्री दमलेली आहे, मळलेली आहे, भुकेली आहे आणि आपण पाहिले जात आहोत याची तिला पर्वा नाही. तिच्या खिशातून प्रसाधनाची डबी आणि हातरुमाल डोकावतात. म्हणजे ती ‘स्त्री’च आहे याची खात्री वाचकाला दिली आहे खरी, पण ती विनोदाच्या अंगाने. विनोद आणि प्रेषिताची भव्यता एकाच देहात आणल्यामुळे चित्र कोणत्याही एका घोषणेत मावत नाही. कदाचित म्हणूनच ते बोधचिन्ह झाले नाही. प्रताधिकाराची बंधने हे त्याचे दुसरे आणि अधिक व्यावहारिक कारण. मूळ चित्र २००२ मध्ये लिलावात सुमारे पन्नास लाख डॉलरला विकले गेले आणि आज ते आर्कान्सा राज्यातील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयात आहे.

मिलर यांच्या चित्राचा इतिहास याच्या उलट आहे. पिट्सबर्ग येथील या चित्रकाराकडे वेस्टिंगहाऊस कंपनीच्या अंतर्गत ‘वॉर प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटिंग कमिटी’ने एका भित्तिपत्रकमालेचे काम सोपविले होते. प्रस्तुत पत्रकाच्या सुमारे १८०० प्रती छापल्या गेल्या. त्या कंपनीच्याच कारखान्यांत, शिरस्त्राणांची आतली कवचे तयार करणाऱ्या स्त्रिया जेथे काम करीत त्या ठिकाणी, दोन आठवडे लावावयाच्या होत्या. दोन आठवड्यांनंतर मालेतील पुढचे पत्रक. रस्त्यावर, रेल्वेस्थानकावर किंवा टपाल कार्यालयात ते कधी लागले नाही. ज्या स्त्रियांनी ते पाहिले त्या आधीच कामावर होत्या. त्यांच्या गळपट्टीवरही चित्रातील स्त्रीप्रमाणेच कंपनीचा बिल्ला होता.

जेम्स किंबल आणि लेस्टर ओल्सन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे पत्रक त्याच्या मालेत परत ठेवून वाचले, आणि अर्थ पालटला. याच मालेतील दुसरे एक पत्रक कामाविषयी काही शंका असल्यास पर्यवेक्षकाला विचारा, असे सांगते. गैरहजेरी टाळणे, वेग वाढविणे, तक्रारी वरिष्ठांकडे नेणे हा मालेचा एकूण सूर आहे. या शेजारात ‘आपण’ या सर्वनामाचा अर्थ ‘आपण स्त्रिया’ असा राहत नाही. तो ‘आपण वेस्टिंगहाऊसचे लोक’ असा होतो, ज्यात व्यवस्थापनही आले. १९३० च्या दशकात अमेरिकी कारखान्यांत कामगार संघटनांनी जो जोर धरला होता, त्याच्या पार्श्वभूमीवर व्यवस्थापनाने कामगाराच्या तोंडी ‘आपण’ घालणे निरागस नव्हते. वळलेली मूठ हे मुळात कामगार चळवळीचे चिन्ह. येथे ती मूठ आहे, पण तिच्या गळपट्टीवर मालकाचा बिल्ला आहे.

चित्राच्या तपशिलांतही हीच तडजोड दिसते. दंड दाखविला आहे, पण त्यावर मळ नाही. नखे रंगविलेली, भुवया कोरलेल्या, ओठ लाल. हातात कोणतेही हत्यार नाही, मागे कोणतेही यंत्र नाही. काम करणारी स्त्री आहे, काम नाही. हा रिकामेपणा पुढे तिच्या कामी आला : ज्या चित्रात कोणतेच काम नाही ते कोणत्याही कामाला लावता येते.

याच्याशेजारी ब्रिटनमधील लॉरा नाइट यांचे १९४३ मधील तैलचित्र ठेवून पाहावे. विमानवेधी तोफेच्या कड्याला आटे पाडणारी रूबी लॉफ्टस ही कामगार स्त्री वेल्समधील न्यूपोर्ट येथील शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यात काम करीत होती. चित्राच्या शीर्षकात तिचे नाव आहे आणि ती नेमके कोणते काम करीत आहे तेही आहे. हे चित्रही शासकीय समितीच्या सांगण्यावरून, प्रचारासाठीच काढले गेले. तेव्हा ते प्रचारापासून मुक्त आहे असे म्हणता येणार नाही. परंतु त्यातील प्रत्येक रेषा यंत्राकडे पाहून काढलेली आहे. फिलिप झेक यांच्या ‘ब्रिटनच्या स्त्रियांनो, कारखान्यांत या’ अशा आशयाच्या १९४१ मधील पत्रकातील स्त्री मात्र हात पसरून आकाशातील विमानांखाली उभी आहे. ती व्यक्ती नाही, रूपक आहे.

चौकटीबाहेरच्या स्त्रिया

अमेरिकेत १९४० मध्ये सुमारे १ कोटी २० लाख स्त्रिया अर्थार्जन करीत होत्या. १९४४ पर्यंत हा आकडा १ कोटी ८० लाखांपुढे गेला. त्याच सुमारास नोकरदार स्त्रियांत विवाहितांची संख्या प्रथमच अविवाहितांहून अधिक झाली. म्हणजे परिवर्तन मोठे होते, यात शंका नाही. परंतु युद्धकामावर आलेल्या स्त्रियांपैकी फार मोठा भाग पर्ल हार्बरच्या आधीपासून नोकरीत होता. धुलाईगृहे, खाणावळी, दुसऱ्यांची घरे येथील अल्प मजुरीची कामे सोडून त्या चांगल्या मजुरीकडे वळल्या. ‘गृहिणी ते कामगार’ हा प्रवास त्यांचा नव्हता. त्यांचा प्रवास वाईट कामाकडून बऱ्या कामाकडे होता. भित्तिपत्रकांना हा प्रवास सांगणे गैरसोयीचे होते, कारण असा प्रवास केलेली स्त्री युद्धानंतर परत कोठे जाणार, याचे उत्तर ‘घरी’ असे देता येत नाही.

कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत हे सर्वांत तीव्रतेने खरे आहे. संरक्षण उद्योगांत वर्णभेदास मनाई करणारा अध्यक्षीय आदेश जून १९४१ मध्ये निघाला, तोही कृष्णवर्णीय कामगार नेत्यांनी मोर्चाचा इशारा दिल्यानंतर. १९४० मध्ये नोकरदार कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के घरकामात होत्या. युद्धाच्या अखेरीस हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर आले. तरीही येथे विचारात घेतलेल्या एकाही अमेरिकी भित्तिपत्रकात कृष्णवर्णीय स्त्री नाही. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे २००० मध्ये ‘रोझी द रिव्हेटर’च्या नावाने राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. युद्धकाळात त्याच शहरात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कामगार संघटनेच्या कचेरीत कारकून असलेल्या बेटी रीड सॉस्किन पुढे या उद्यानात मार्गदर्शक झाल्या. रोझीची कथा ही गोऱ्या स्त्रीची कथा आहे, हे त्या उद्यानाच्या गणवेशातच भेट देणाऱ्यांना सांगत असत. कॉनी फील्ड यांच्या १९८० मधील माहितीपटानेही रोझीचे नाव घेऊनच अशा स्त्रियांना बोलते केले होते, आणि प्रचारचित्रफितींच्या शेजारी त्यांच्या आठवणी ठेवल्या होत्या.

याच युद्धाची गरज भागविण्यासाठी भारतातही स्त्रियांना कामावर आणले गेले. पण येथे चित्राची गरज पडली नाही. कोळसा खाणींत भूमिगत कामावर स्त्रियांना घेण्यास १९२९ च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने बंदी आणली होती व १९३७ मध्ये ती पूर्ण झाली होती. १९४३ मध्ये कोळशाचा तुटवडा निर्माण झाला, खाणकामगार अधिक मजुरीच्या लष्करी बांधकामांकडे वळू लागले, आणि शासनाने बंगाल, बिहार व मध्य प्रांत येथील खाणींपुरती ही बंदी उठविली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. अखिल भारतीय महिला परिषदेने या निर्णयाला विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या प्रश्नावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हा आणीबाणीचा व तात्पुरता उपाय असल्याचे सांगितले, आणि या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, समान कामास समान वेतन हे तत्त्व येथे प्रथमच स्वीकारले जात आहे, याकडे लक्ष वेधले.

ही तुलना काळजीपूर्वक केली पाहिजे. खाणीत उतरणाऱ्या मजूर स्त्रीला राष्ट्रप्रेमाचे आवाहन करण्याची आवश्यकता शासनाला वाटली नाही. दुष्काळ आणि महागाई यांनी ते काम केले. अमेरिकेतील मध्यमवर्गीय स्त्रीकडे नकार देण्याची मुभा होती, म्हणून तिच्यासाठी चित्रे निघाली. प्रचारप्रतिमा हा, या अर्थाने, नकार देऊ शकणाऱ्याला दिलेला मान असतो. दुसरीकडे, वेतनाचा जो मुद्दा अमेरिकी भित्तिपत्रकांनी टाळला तो भारतातील एका रूक्ष विधिमंडळ-चर्चेत स्पष्टपणे मांडला गेला. अमेरिकेच्या ‘नॅशनल वॉर लेबर बोर्डा’ने नोव्हेंबर १९४२ मध्ये समान वेतनाविषयी काढलेला आदेश मालकांना तशी परवानगी देणारा होता, तो बंधनकारक नव्हता. बंदी तात्पुरतीच उठविली आहे, हे मात्र दोन्हीकडच्या व्यवस्थांनी प्रारंभापासून गृहीत धरले होते. भारतातील खाणींत स्त्रियांवरील बंदी फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली.

मुदत संपल्यावर

अमेरिकी श्रम विभागाच्या ‘विमेन्स ब्यूरो’ने युद्धाच्या अखेरच्या वर्षी दहा औद्योगिक क्षेत्रांतील कामगार स्त्रियांना युद्धोत्तर योजनांविषयी विचारले. सुमारे ७५ टक्के स्त्रियांनी काम चालू ठेवण्याची इच्छा व्यक्त केली. ‘तो परत येईपर्यंत’ ही अट त्यांनी स्वतः स्वीकारलीच नव्हती. ती त्यांच्या वतीने चित्रकारांनी आणि जाहिरातदारांनी लिहून दिली होती. १९४५ मध्ये विमानांचे व जहाजांचे कारखाने बंद होऊ लागले तेव्हा जड उद्योगांतून स्त्रिया मोठ्या प्रमाणावर कमी झाल्या. कामगार मातांच्या मुलांसाठी संघराज्याच्या निधीतून चालविलेली पाळणाघरे फेब्रुवारी १९४६ अखेर त्या निधीला मुकली. अनेक शहरांत मातांनी निदर्शने केली. कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या ठिकाणी ही सोय काही प्रमाणात टिकली.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या पुढील दशकात पुन्हा वाढली, परंतु कचेऱ्या, दुकाने आणि सेवाक्षेत्रांत. युद्धकाळातही अनेक नव्या स्त्रिया कारकुनी कामावर आल्या होत्या. टंकलेखिकांना बोलावणारी पत्रके तेव्हाही निघाली होती. ती आज कोणाच्या भिंतीवर नाहीत. यंत्राजवळची स्त्री हा अपवाद होता म्हणून तो चित्रात शोभून दिसला, आणि टंकलेखन यंत्राजवळची स्त्री हा नियम होता म्हणून विस्मरणात गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे आयुष्य

मिलर यांचे पत्रक जवळजवळ चाळीस वर्षे कोणाच्या स्मरणात नव्हते. १९८२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पुरवणीत राष्ट्रीय अभिलेखागारातील भित्तिपत्रकांविषयीच्या लेखासोबत ते छापले गेले. १९९४ मध्ये ते ‘स्मिथसोनियन’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आले आणि १९९९ मध्ये टपाल तिकिटावर. दरम्यान स्त्रीवादी चळवळीने ‘आपण’ हे सर्वनाम कंपनीकडून काढून स्त्रियांकडे घेतले होते.

हे अपहरण अनुचित आहे काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. प्रतिमेचा मूळ हेतू हाच तिचा एकमेव अर्थ, असा आग्रह धरला तर कोणत्याही कलाकृतीला दुसरा वाचक उरणार नाही. पर्यवेक्षकाचे ऐका असे सांगणाऱ्या मालेतून एक चित्र उचलून स्त्रियांनी ते समान वेतनाच्या मागणीसाठी वापरले, यात काव्यात्म न्याय आहे. आक्षेप आहे तो या नव्या अर्थाला १९४३ चा इतिहास म्हणून शिकविण्याला. तसे शिकविले की शासनाने बोलाविले, स्त्रिया आल्या, समर्थ झाल्या अशी सुखद गोष्ट तयार होते. पाळणाघरे बंद झाल्याचे, ७५ टक्क्यांच्या इच्छेचे आणि चित्राबाहेर राहिलेल्या वर्णाचे त्यात काही उरत नाही. आणि ज्या स्त्रीच्या चेहऱ्यावर ही गोष्ट उभी आहे तिचे तरी काय होते, हे पुढील प्रकरणावरून दिसते.

१९४२ मधील एका वृत्तछायाचित्रात ठिपक्यांचा रुमाल बांधलेली एक तरुणी लेथवर वाकून काम करताना दिसते. मिलर यांनी आपले चित्र या छायाचित्रावरून काढले असावे, असा तर्क पुढे रूढ झाला. त्याला निर्णायक पुरावा नाही. १९८० च्या दशकात मिशिगनमधील जेराल्डिन हॉफ डॉइल यांना हे छायाचित्र पाहून ती तरुणी आपणच आहोत असे प्रामाणिकपणे वाटले. १९४२ मध्ये त्यांनी एका धातुकारखान्यात जेमतेम दोन आठवडे काम केले होते. त्या चेलो वाजवीत, आणि यंत्रावर हाताला इजा होईल या भीतीने त्यांनी ती नोकरी सोडली होती. पत्रकारांनी, संग्रहालयांनी आणि पाठ्यपुस्तकांनी त्यांचे म्हणणे तपासल्याशिवाय स्वीकारले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मृत्युलेखांत त्यांचा उल्लेख त्या भित्तिपत्रकाची प्रेरणा असाच होता.

पुढे कॅलिफोर्नियातील एका मेळाव्यात नेओमी पार्कर फ्रेली या वृद्ध स्त्रीने ते छायाचित्र पाहिले. स्वतःला तिने ओळखले, आणि खाली दुसरीचेच नाव वाचले. दुरुस्तीसाठी तिने केलेले प्रयत्न निष्फळ ठरले, कारण तोवर चुकीची माहिती सर्वत्र छापली गेली होती. अखेर किंबल यांनी अनेक वर्षांच्या शोधानंतर छायाचित्राची मूळ प्रत मिळविली आणि २०१६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा फ्रेली नव्वदीच्या पुढे होत्या. जानेवारी २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मूळ प्रतीच्या पाठीवर वृत्तसंस्थेने चिकटविलेली माहितीची चिठ्ठी शाबूत होती. तिच्यावर मार्च १९४२ मधील तारीख होती, अलामेडा येथील नौदलाच्या विमानतळाचे नाव होते, आणि लेथवर काम करणाऱ्या मुलीचे नाव होते : नेओमी पार्कर.